इजिप्तची भिंत वाचायची कशी? नाव शेवटी, आधी बाकीचं

इजिप्तला जाऊन आलेल्या ओळखीच्या लोकांचे फोटो मला अजूनही येत असतात. खाली एकच प्रश्न, "हा कोण रे?" फोटोत काय असतं तर एक चेहरा, अर्धा मुकुट आणि मागे कुणाचा तरी सेल्फी स्टिकवाला हात. आता यावरून कोण सांगणार? मग ते स्वतःच ठरवून टाकतात. बहिरीससाण्याचं डोकं दिसलं की होरस, कुत्र्यासारखं तोंड दिसलं की अनुबिस, पेटी दिसली की सार्कोफॅगस, लंबगोल दिसला की "इथे राजाचं नाव आहे म्हणजे हे त्यानेच बांधलं". यातलं निम्मं चुकीचं निघतं, कारण सुरुवातच उलट्या टोकाकडून झालेली असते.

बरोबर क्रम असा: जागा, खांब, कोरीव काम, पट्टी, दिशा, डोकं आणि हात, मग नाव, आणि तारीख सगळ्यात शेवटी. शब्द त्या त्या टप्प्यावर आपोआप लागत जातात. मी स्वतः आधी शब्दांची लिस्ट पाठ करून गेलो होतो आणि पहिल्याच देवळात सगळं विसरलो, तेव्हा तो उद्योग नको.

तयारी: घरी बसून करायच्या चार गोष्टी

१. नकाशा डोक्यात उलटा करा. 'वरचा इजिप्त' म्हणजे दक्षिण आणि 'खालचा इजिप्त' म्हणजे उत्तर. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, म्हणून उगमाकडचा भाग वरचा आणि समुद्राकडचा खालचा. आपण नकाशात उत्तर वर बघतो म्हणून इथे दहातले नऊ जण फसतात, आणि मग पांढरा मुकुट कुठला, लाल कुठला, कमळ कुठलं, पपायरस (नाईलकाठचं लव्हाळ्यासारखं रोप) कुठलं, सगळंच उलटं होऊन बसतं. पांढरा मुकुट दक्षिणेचा, लाल उत्तरेचा. हे हातावर लिहून ठेवलं तरी चालेल.

२. चार काळ एवढेच लक्षात ठेवा. जुनं राज्य सुमारे इ.स.पू. २७०० ते २२००, मधलं राज्य साधारण २०५० ते १६५०, नवं राज्य १५५० ते १०७०, आणि टॉलेमी या ग्रीक राजघराण्याचा काळ, जो इ.स.पू. ३० ला क्लिओपात्रासोबत संपला. मधले गोंधळाचे काळ सध्या सोडून द्या.

३. शब्द एबीसीडीच्या क्रमाने पाठ करू नका. 'आंख' आणि 'आतेफ' लिस्टमध्ये शेजारी येतात पण एक हातात धरतात आणि एक डोक्यावर घालतात. त्यापेक्षा तीन ढीग करा: जागेचे शब्द, भिंतीचे शब्द, अंगावरचे आणि हातातले शब्द.

४. फोटो काढायची सवय बदला. आधी पूर्ण भिंत, छत आणि जमीन दिसेल अशी. मग एक पट्टी. मग आकृती पायापासून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत, समोरच्या लिखाणासकट. क्लोजअप सगळ्यात शेवटी.

सराव हवा असेल तर इजिप्तपर्यंत जायलाच पाहिजे असं नाही. बडोदा, जयपूर, हैदराबाद आणि कोलकात्याच्या म्युझियममध्ये इजिप्शियन ममी आहेत. बडोदा तर मुंबईहून सकाळी निघून दुपारी पोचण्याइतकं जवळ.

टप्पा १: तुम्ही उभे कुठे आहात?

भिंतीकडे बघायच्या आधी हा प्रश्न. देवाचं देऊळ, राजाच्या मृत्यूनंतरच्या पूजेचं देऊळ, की थडगं? तिन्हीकडे राजा दिसेल, देव दिसतील, नैवेद्य दिसेल, पण अर्थ वेगळा.

देवळासाठी एदफू गावच्या होरसच्या देवळाचा आराखडा डोक्यात ठेवा, कारण ते सगळ्यात चांगलं टिकलेलं आहे. इ.स.पू. २३७ ला सुरू झालं आणि ५७ ला पूर्ण झालं. समोर दोन उतरत्या भिंतींचे बुरूज आणि मधे दार, त्या जोडीला पायलॉन म्हणायचं. एदफूचा पायलॉन सुमारे ३६ मीटर उंच. त्यावरच्या उभ्या खाचा बघून लोक विचारतात खिडक्या आहेत का, तर नाही, त्यात ध्वजाच्या काठ्या उभ्या करायचे. आत गेलात की उघडं आवार, कडेने खांब. त्याच्या पुढे छताखालचं खांबांचं दाट जंगल, ते हायपोस्टाइल हॉल. त्याच्या पुढे लहान होत जाणाऱ्या खोल्या आणि शेवटी गाभारा. गाभाऱ्यातल्या एकाच दगडातून कोरलेल्या देव्हाऱ्याला नाओस म्हणतात.

आता इथे आपली मराठी डोकी एक शॉर्टकट मारतात: पायलॉन म्हणजे गोपुर, हायपोस्टाइल म्हणजे सभामंडप. पहिल्या पाच मिनिटांपुरतं चालेल, त्यापुढे अडकाल. सभामंडपात माणसं बसतात, कीर्तन होतं. हायपोस्टाइल हॉलमध्ये सामान्य माणसाला साधारणपणे प्रवेशच नव्हता, फार तर बाहेरच्या आवारापर्यंत, तेही सणाला. देव बाहेर यायचा तो नावेच्या आकाराच्या पालखीतून, पुजाऱ्यांच्या खांद्यावर, आणि लोकांना दर्शन तेव्हा. पालखीची उपमा मात्र चपखल बसते, ती खुशाल वापरा.

चेक: आत जाताना जमीन हळूहळू चढतेय का, छत खाली येतंय का, उजेड कमी होतोय का? तिन्ही होत असेल तर तुम्ही देवळाच्या मुख्य रेषेवर आहात. होत नसेल तर बाजूच्या खोलीत घुसलात, परत फिरा.

थडग्यात शब्द बदलतात. जुन्या राज्यातल्या अधिकाऱ्यांची थडगी म्हणजे मस्तबा. शब्द अरबी आहे, अर्थ बाकडं किंवा ओटा, आणि लांबून बघाल तर खरंच आपल्या वाड्याबाहेरच्या ओट्यासारखं दिसतं: सपाट माथा, उतरत्या बाजू. वरती पूजेची खोली, खाली खोल विहिरीसारखा शाफ्ट आणि तळाला पुरायची जागा. म्हणजे ज्या रंगीबेरंगी खोलीत तुम्ही फिरता ती पुरायची खोली नाही. ही चूक कैरोजवळच्या सक्काराच्या दफनभूमीत हमखास होते.

त्या खोलीत एका भिंतीवर दगडी दार असतं, उघडत नाही. ते खोटं दार. मेलेल्याचा 'का', म्हणजे त्याची जीवनशक्ती, तिथून नैवेद्य घ्यायला येतो अशी कल्पना. सक्कारात मेरेरुकाच्या थडग्यात तर त्याचा पुतळाच पाऊल पुढे टाकून बाहेर येतोय असा उभा केलाय. आणि सेरदाब म्हणजे पुतळ्याची बंद कोठडी, माणसाने आत जायची नाहीच. तिथेच जोसेर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडला टेकून एक सेरदाब आहे, समोर डोळ्यांच्या उंचीला दोन भोकं. लोक त्यातून आत बघतात, पण ती भोकं आतल्या पुतळ्याने बाहेर बघायला ठेवलेली आहेत. तिथला सध्याचा पुतळा कॉपी आहे, मूळ कैरोच्या म्युझियममध्ये.

सावधान: पिरॅमिडला देऊळ म्हणू नका. पिरॅमिड हे थडगं, आणि ते एकटं नसतं. खाली नदीच्या बाजूला दरीतलं देऊळ, तिथून वर जाणारा लांब रस्ता, मग पिरॅमिडला चिकटून पूजेचं देऊळ. गिझाला खाफ्रेच्या पिरॅमिडचं खालचं देऊळ स्फिंक्सच्या शेजारीच आहे आणि तिथून चालत जाताना बहुतेकांना वाटतं की हे स्फिंक्सचंच.

टप्पा २: खांब, पटकन

यावर जास्त वेळ घालवू नका, फक्त माथा बघा. मिटलेली पपायरसची कळी, उमललेलं पपायरस म्हणजे उलट्या घंटेसारखं, खजुराची पानं, हाथोरचा गायीचे कान असलेला चेहरा, आणि टॉलेमींच्या काळात सगळ्याची मिसळ. लक्सरच्या कर्नाक देवळातल्या मोठ्या हॉलमध्ये १३४ खांब आहेत, मधले १२ उंच आणि उमललेले, बाजूचे १२२ ठेंगणे आणि मिटलेले. उंचीच्या या फरकातून वरती जाळीच्या दगडी खिडक्या निघतात आणि उजेड मधल्या वाटेवर पडतो. हे वर मान करून बघा, लोक खांबाला मिठी मारायच्या नादात विसरतात.

आणि पुतळा चिकटवलेला चौकोनी खांब म्हणजे ओसिरिस-खांब, ओसिरिस हा मेलेल्यांचा देव. पुतळ्याच्या डोक्यावर वजन नाहीये, वजन मागचा चौकोनी दगड घेतो.

टप्पा ३: उठाव की खोलगट?

इथे सगळ्यात सोपा आणि सगळ्यात उपयोगी फरक आहे. आकृतीभोवतीचा दगड खरवडून काढलाय आणि आकृती वर राहिलीय, ते उठावशिल्प. आकृतीच भिंतीत आत खोदलीय आणि बाजूचा दगड तसाच मूळ पातळीवर आहे, ते खोलगट शिल्प. ढोबळ नियम असा की आतल्या अंधाऱ्या भिंतींवर उठाव, बाहेरच्या उन्हातल्या भिंतींवर खोलगट, कारण कडक उन्हात आत खोदलेल्या रेषेत काळी सावली पडते आणि आकृती लांबून दिसते. लक्सरजवळच्या मेदिनेत हाबूच्या देवळात तिसऱ्या रामसेसची खोदाई इतकी खोल आहे की काही ठिकाणी हात आत जाईल. जाईल म्हटलं, घाला असं नाही. हात लावायचा नाही.

ढोबळ नियम का म्हटलं? कर्नाकच्या त्याच हॉलमध्ये उत्तरेकडचं सेती पहिल्याचं काम उठावाचं आहे आणि दक्षिणेकडचं दुसऱ्या रामसेसचं बहुतेक खोलगट. एकाच छताखाली बाप आणि मुलगा. खोलगट काम लवकर उरकतं, कारण सगळी भिंत खरवडावी लागत नाही.

चेक: समजत नसेल तर समोरून बघू नका, भिंतीला जवळजवळ गाल टेकवल्यासारखं बाजूने बघा, गाल न टेकवता. बाहेरच्या भिंती सकाळी लवकर किंवा ऊन तिरपं झाल्यावर बघा, दुपारी बाराला सगळं सपाट दिसतं.

रंगांबद्दल एकच गोष्ट. याला फ्रेस्को म्हणू नका. फ्रेस्को म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंग. इजिप्तमध्ये सुकलेल्या गिलाव्यावर डिंकासारखं काहीतरी घालून रंग लावलेत. अजिंठ्यालाही आपण सर्रास फ्रेस्को म्हणतो आणि तिथेही ते काम सुक्या गिलाव्यावरचंच आहे. आणि पुरुष तांबूस तपकिरी, बायका पिवळसर ही रंगवायची पद्धत आहे, त्यावरून कोण कुठल्या वंशाचं हे काढत बसू नका.

टप्पा ४: पट्टी शोधा, मग आकार बघा

भिंत एका मोठ्या चित्रासारखी बघितली की गोंधळ होतो. ती आडव्या पट्ट्यांत कापलेली असते. एका पट्टीला रजिस्टर म्हणतात, आणि तिच्या खालची रेघ म्हणजे त्या पट्टीतली जमीन. सगळे तिच्यावर पाय ठेवून उभे. आधी या रेघा शोधा, बोटाने हवेतच आखून घ्या.

वरची पट्टी म्हणजे लांबचं आणि खालची म्हणजे जवळचं असं नेहमीच नसतं. वरची आधी घडलं, खालची नंतर, असंही नेहमी नसतं. कधी नांगरणी ते मळणी असा क्रम खालून वर जातो. म्हणून कथा लावायची घाई करू नका, आधी फक्त किती पट्ट्या आहेत ते मोजा.

मग आकार. मोठा माणूस म्हणजे महत्त्वाचा माणूस, जवळ उभा असलेला नव्हे. थडग्याचा मालक तीन पट्ट्यांएवढा उंच असतो आणि बायको त्याच्या गुडघ्याएवढी, म्हणजे ती बुटकी नव्हती. मला एकदा एका काकांनी अगदी गंभीरपणे विचारलं होतं की यांच्यात बायका एवढ्या लहान का असायच्या.

आकृती वाकडी का दिसते हाही नेहमीचा प्रश्न. डोकं बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय बाजूने. चित्रकाराला जमत नव्हतं असं नाही, प्रत्येक अवयव ज्या बाजूने नीट ओळखू येतो त्या बाजूने दाखवायचा असा नियम होता. मापंही ठरलेली: उभा माणूस तळव्यापासून केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकोनांत बसवायचा. पुढे शेवटच्या काही शतकांत वरच्या पापणीपर्यंत २१ चौकोन झाले. नव्या राज्यातल्या राजांची थडगी आहेत त्या 'राजांच्या दरी'त होरेमहेबच्या थडग्यात काम अर्धवट राहिलंय म्हणून बरं, तिथे लाल रेघांचं कच्चं चित्र, त्यावर काळ्या रेघेने केलेली दुरुस्ती आणि मग कोरायला घेतलेला भाग, सगळं जवळजवळ बघायला मिळतं. तिथे जाणार असाल तर इतर ठिकाणचा वेळ कापून इथे द्या.

टप्पा ५: दिशा. इथेच बहुतेकांची गाडी घसरते

चित्रलिपी डावीकडून उजवीकडे पण लिहितात, उजवीकडून डावीकडे पण, आणि वरून खाली उभ्या ओळीतही. मग कळायचं कसं? लिखाणातले पक्षी, प्राणी आणि माणसं बघा. त्यांची तोंडं ज्या बाजूला, ती ओळीची सुरुवात. म्हणजे आपण त्यांच्या समोरून यायचं, पाठीमागून नाही. घुबडाचं तोंड उजवीकडे असेल तर उजवीकडून वाचायला घ्या. उभ्या ओळी असतील तरी पहिली ओळ कुठली ते असंच ठरतं.

एवढं जमलं की दुसरी गोष्ट फुकटात मिळते. ज्या आकृतीचं लिखाण, त्याच बाजूला त्या लिखाणातल्या पक्ष्यांची तोंडं असतात. राजाचं तोंड उजवीकडे, तर त्याच्या नावातली आणि बोलण्यातली अक्षरंही उजवीकडे बघणार. समोरच्या देवाचं तोंड डावीकडे, तर त्याचे शब्द डावीकडे बघणार. गर्दीच्या भिंतीवर कुठला मजकूर कुणाचा हे असं वेगळं करता येतं. मला विचाराल तर बाकी काहीच लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं ठेवा, कारण गाईड पुढे निघून गेला तरी तुम्ही भिंतीसमोर एकटे उभे राहून काहीतरी काढू शकता.

सावधान: काही धार्मिक मजकूर, खासकरून पाताळाच्या प्रवासाचे, मुद्दाम उलट्या क्रमाने लिहिलेले असतात. राजांच्या दरीत नियम चालला नाही तर नियमाला शिव्या घालू नका.

चेक: एका ओळीतले दोन वेगवेगळे पक्षी बघा. दोघांचीही तोंडं एकाच बाजूला आहेत का? नसतील तर त्या दोन ओळी आहेत, एक नाही.

टप्पा ६: आकृती पायाकडून डोक्याकडे बघा, उलटं नाही

लोक आधी डोकं बघतात आणि तिथेच ठरवून मोकळे होतात. पायापासून सुरू करा.

पाय एकत्र गुंडाळलेले, ममीसारखे? मग ओसिरिस किंवा प्ताह अशी यादी एकदम लहान होते. प्ताहच्या डोक्यावर घट्ट टोपी असते, ओसिरिसच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना पिसं लावलेला उंच आतेफ मुकुट, तोंड हिरवं किंवा काळं, हातात आकडी आणि चाबूक.

मग हात. आंख म्हणजे वर फासा असलेली क्रॉससारखी खूण, जीवन. वास म्हणजे खाली दुबेळकं आणि वर प्राण्याचं डोकं असलेली काठी, सत्ता. जेद म्हणजे आडव्या पट्ट्यांचा खांब, टिकाऊपणा. आंख दिसला म्हणून देव असं नाही, पण कोण कुणाला आंख देतोय ते बघा. नाकाला लावून देणारा देव, घेणारा राजा.

दाढी. सरळ खाली चौकोनी, तर जिवंत राजा. टोकाला वळलेली, तर देव किंवा मेल्यानंतर देव झालेला राजा. तुतनखामेनच्या सोन्याच्या मुखवट्याची दाढी वळलेली आहे ती यामुळेच.

आता डोकं, आणि इथे एक गोष्ट पक्की करा: प्राण्याचं डोकं म्हणजे देवाचं नाव नव्हे, डोक्याच्या वर काय आहे ते नावाच्या जास्त जवळ जातं. बहिरीससाण्याचं डोकं आणि दुहेरी मुकुट, तर होरस. तेच डोकं आणि सूर्याची तबकडी, तर बहुधा रे-होराख्ती. तबकडीवर दोन उंच पिसं, तर मोन्तू. चंद्राची कोर आणि त्यात पूर्ण चंद्र, तर खोन्सू. चार वेगळे देव, तोंड एकच. बायकांमध्ये गायीची शिंगं आणि मधे तबकडी दिसली की लोक हाथोर म्हणतात, पण नव्या राज्यापासून इसिसही तोच मुकुट घालते. तिथे मुकुटावर विसंबायचंच नाही, टप्पा ५ वापरून तिच्यासमोरचं लिखाण शोधा आणि त्यात सिंहासनाची खूण आहे का बघा, असेल तर इसिस. मेंढ्याचं डोकं असेल तर शिंगं बघा: आडवी नागमोडी ख्नुमची, कानाभोवती वळलेली अमूनची.

नेमेस हा मुकुट नाही, पट्ट्यापट्ट्यांचं कापड आहे, खांद्यावर दोन पदर. कपाळावरचा फणा काढलेला नाग म्हणजे युरेअस. निळा फुगीर तो खेप्रेश. त्याला सगळे 'युद्धाचा मुकुट' म्हणतात पण तो घालून राजा निवांत पूजा करतानाही दिसतो, तेव्हा त्यावरून लढाईची गोष्ट रचू नका.

टप्पा ७: आता नाव

दोरीचा लंबगोल फास आणि टोकाला आडवी रेघ म्हणजे कार्टूश. ती रेघ म्हणजे गाठ, आणि ती नेहमी नावाच्या शेवटाकडे असते, म्हणजे दिशा तपासायला हीही एक खूण. त्याच्याही आधीच्या काळात राजवाड्याच्या दर्शनी भिंतीचा चौकोन आणि वर ससाणा असायचा, तो सेरेख. नारमेर या अगदी सुरुवातीच्या राजाच्या कोरीव दगडी पाटीवर सेरेख आहे, तिथे कार्टूश शोधत बसू नका.

राजाचे कार्टूश दोन असतात. एकाच्या आधी गवताचं रोप आणि मधमाशी: हे राज्याभिषेकाचं नाव. दुसऱ्याच्या आधी बदक आणि सूर्य: हे जन्माचं नाव, 'रे चा मुलगा', रे म्हणजे सूर्यदेव. आपण ज्या नावाने राजांना ओळखतो, रामसेस, थुटमोस, ते जन्माचं. पण रामसेस ११ झाले आणि थुटमोस ४. म्हणून नेमका राजा ओळखायचा तर मधमाशीवालं नाव बघायचं. बहुतेक लोक बदकावर थांबतात आणि 'रामसेस' वाचून खूश होतात.

दोन नावं सरावाला घ्या. तुतनखामेनचं नेबखेपेरूरे: वर सूर्य, मधे भुंगा, भुंग्याखाली तीन रेघा, तळाला टोपली. थुटमोस तिसऱ्याचं मेनखेपेररे: वर सूर्य, मधे सोंगट्यांचा पट, तळाला भुंगा. भुंगा दोघांकडे आहे, घोटाळा तिथेच होतो. टोपली की पट, एवढं बघा. आणि पटही आहे, भुंगाही आहे, शिवाय भुंग्याखाली तीन रेघाही आहेत? मग तो थुटमोस चौथा.

सावधान: सूर्य सगळ्यात वर लिहितात पण उच्चारात शेवटी येतो. देवाचा मान म्हणून तो आधी लिहायचा. वरून खाली जसंच्या तसं वाचलंत तर 'रे-मेन-खेपेर' होईल, बरोबर आहे मेनखेपेररे.

आणि कार्टूश म्हणजे राजाच असंही नाही. राण्यांना असतो, अखेनातेनच्या काळात आतेन देवालाही दिलाय. देंदेराच्या देवळात तर रिकामे कार्टूश बघायला मिळतात, चौकट कोरली आणि नाव भरलंच नाही. तिथे 'मिटवलं' म्हणू नका. मिटवलेल्या जागी छिन्नीचे घाव असतात, रिकामी जागा गुळगुळीत असते.

टप्पा ८: तारीख, आणि इथेही थांबून

नाव मिळालं म्हणजे तारीख मिळाली नाही. दुसऱ्या रामसेसने जुन्या राजांच्या पुतळ्यांवर आपली नावं कोरून घेतली. लक्सरच्या देवळातली लांब खांबांची वाट अमेनहोतेप तिसऱ्याची, भिंतींवरचं मिरवणुकीचं काम तुतनखामेनच्या वेळचं, आणि नावं दिसतात ती बरीचशी होरेमहेबची, कारण त्याने तुतनखामेनचं नाव खोडून आपलं घातलं. एदफूमध्ये तर गाभाऱ्यातला दगडी देव्हारा नेक्तानेबो दुसऱ्याचा आहे, म्हणजे अख्ख्या देवळापेक्षा जुना. आणि तिसऱ्या थुटमोसच्या नावाचे भुंग्याच्या आकाराचे ताईत, म्हणजे स्कॅरब, तो मेल्यावर कित्येक शतकं बनतच होते.

चेक: कार्टूशच्या आतली जागा बाजूच्या भिंतीपेक्षा खोल गेलीय का? आधीच्या अक्षरांची अर्धवट रेघ मागे दिसतेय का? असेल तर नाव बदललेलं असण्याची शक्यता मोठी.

युद्धाच्या देखाव्याचंही तसंच. राजा शत्रूंचे केस मुठीत धरून गदा उगारतोय हे दृश्य नारमेरच्या पाटीवर आहे आणि एदफूच्या पायलॉनवर टॉलेमी बाराव्याचंही आहे. मधे जवळजवळ तीन हजार वर्षं. यावरून या राजाने अमकी लढाई जिंकली असं लिहून मोकळं होऊ नका.

म्युझियममध्ये: पेट्या आणि बरण्या

इथे चुका ठरलेल्या आहेत म्हणून भराभर सांगतो. सार्कोफॅगस म्हणजे बाहेरची दगडी पेटी. आतली लाकडी, माणसाच्या आकाराची, ती शवपेटी. तागाचं कापड किंवा जुना पपायरस आणि गिलावा थापून केलेलं हलकं कवच ते कार्टोनाज. ममी म्हणजे आतलं शरीर, पेटीला ममी म्हणत नाहीत. तुतनखामेनच्या दगडी सार्कोफॅगसमध्ये एकात एक तीन शवपेट्या होत्या, सगळ्यात आतली भरीव सोन्याची, सुमारे ११० किलो.

कॅनोपिक बरण्या चार. माणसाचं डोकं इम्सेती, यकृत. बबून माकड हापी, फुप्फुसं. कोल्हा दुआमुतेफ, जठर. ससाणा केबेहसेनुएफ, आतडी. कोल्ह्याच्या डोक्याची बरणी बघून अनुबिस म्हणायचं नाही. आणि चारही झाकणं माणसाच्या डोक्याची असतील तर त्या नकली नाहीत, आधीच्या काळात तशीच करायचे, तुतनखामेनचीही तशीच आहेत. हृदय यात नसतं, ते शरीरातच ठेवायचे.

निळ्या-हिरव्या चकचकीत छोट्या बाहुल्या त्या उशाब्ती, परलोकात मालकाच्या वतीने काम करायला. देव नाहीत. तुतनखामेनकडे ४१३ होत्या. त्यांचं मटेरियल फायन्स, आणि ते चिनी माती नाही, दळलेल्या गारगोटीचं आहे.

एक भिंत, पूर्ण क्रमाने

अबिडोसला सेती पहिल्याच्या देवळात राजांची यादी आहे, ती घेऊन बघू. बहुतेक लोक तिथे पळत जाऊन तुतनखामेन शोधतात. आपण क्रमाने जाऊ.

जागा: देऊळ, आतली अरुंद वाट, गाभारा नाही. खांब नाहीत, सोडून द्या. काम: उठाव, बारीक, चुनखडीत, आतल्या भिंतीला साजेसं. पट्ट्या: कार्टूशच्या आडव्या तीन रांगा. समोर मोठ्या आकाराचा राजा आणि त्याच्यापुढे लहान आकृती, दोघांची तोंडं यादीकडे. लहान आकृतीच्या डोक्यावर एका बाजूला केसांची बट, म्हणजे मूल, आणि हातात पपायरसची गुंडाळी, म्हणजे वाचतंय. हा राजपुत्र रामसेस, पुढचा दुसरा रामसेस. राजा सेती, पूर्वजांना नैवेद्य देतोय.

म्हणजे ही इतिहासाची यादी नाही, नैवेद्याची यादी आहे. कुणाकुणाला जेवण पोचवायचं त्यांची नावं. वरच्या दोन रांगांत ७६ नावं, आणि तिसरी रांग म्हणजे सेतीचीच नावं पुन्हा पुन्हा. मधमाशीवाली आणि बदकवाली आलटून पालटून, टप्पा ७ तपासायला याहून चांगली जागा नाही.

आता शोधा तुतनखामेन. सूर्य, भुंगा, तीन रेघा, टोपली. सापडणार नाही. हातशेपसुत पण नाही, अखेनातेन पण नाही. कुणी खोडलेलं नाही, छिन्नीचे घाव नाहीत. त्यांना वाढायचंच नव्हतं.